अर्ध्या देवाची पेटी

सोमवार, १ सप्टेंबर

धाकटी आली. अँब्युलन्समधून उतरवताना स्ट्रेचरवाल्याने विचारलं, "कुठे ठेवायचं?" जणू कपाटच आणलं होतं. मी म्हटलं, आईच्या खोलीत. ती खोली मी आधीच धुऊन पुसून ठेवली होती, पडद्यांना इस्त्रीसुद्धा केली होती.

केवढीशी झाली आहे! हॉस्पिटलने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, जमेल तसं सुखात ठेवा. तिचा फोटोवाला गेल्या वर्षी वारला, मूलबाळ नाही. राहता राहिले मी. चर्चचे पाळक विचारायला आले तेव्हा मी एका शब्दात हो म्हटलं. उपासनेनंतर त्यांनी ते सगळ्या मंडळीला सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. मला अवघडल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

खाटेवर टेकल्याबरोबर तिने छताकडे पाहिलं. "ताई, तो ओलीचा डाग अजून आहे ग! लहानपणी तू मला सांगायचीस, तो देवाचा डोळा आहे म्हणून."

"आहेच."

"मग पापणी तरी काढून द्यायचीस त्याला. बिचारा इतकी वर्षं टक्क उघडा."

आणि हसली. आयुष्य उधळून घरी आली, आणि उंबरा ओलांडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच हसली.

बुधवार, ३ सप्टेंबर

दिवसभरासाठी एक आया ठेवली आहे. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. धाकटीशी तिचं पहिल्याच दिवशी मेतकूट जमलं.

आज केस कापले. पांढरे झाले तरी कमरेपर्यंत होते, बघत राहावं असे. पण आजारी माणसाला इतके केस म्हणजे त्रासच. गुंता होतो, घाम धरतो. तिने एकदाच म्हटलं, "खांद्यापर्यंत ठेव ना, ताई." मी समजूत घातली. आधी शाळेत जायला घालायचे तशी घट्ट वेणी घातली आणि मग शिवणाची मोठी कात्री लावली, म्हणजे वेणी अख्खी हातात आली. कात्री थोडी बोथट झाली आहे, वेळ लागला. ती डोळे मिटून होती. आया म्हणाली, "बाई, मी रोज विंचरले असते की." मी म्हटलं, तुझ्यावर कामाचा भार नको.

वेणी पातळ कागदात गुंडाळून, डांबराची गोळी घालून कपाटात ठेवली. इतके सुंदर केस टाकवेनात. खोलीतला आरसाही काढला. उगाच जिवाला लागेल तिच्या.

शाळेच्या मदर आठवल्या. आम्ही त्यांच्या पंथाचे नव्हतो, पण आईने दोघींना त्यांच्याच शाळेत घातलं, शिस्त लागावी म्हणून. धाकटीला वर्गात आरसा आणल्याबद्दल त्यांनी अंगणातल्या खडीवर गुडघ्यांवर उभं केलं होतं. आरशाचं मीच सांगितलं होतं, तिच्या भल्यासाठीच. संध्याकाळी त्याच मदरनी तिच्या गुडघ्यांतले खडे स्वतः चिमट्याने काढले, औषध लावलं, जिभेवर लिमलेटची गोळी ठेवली. ज्या हाताने शिक्षा त्याच हाताने गोळी. असं प्रेम आता बघायला मिळत नाही. पुढे मी त्याच शाळेत मुलींना शिवण शिकवलं, पण मदरांचा हात मला कधी साधला नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चहून आले तेव्हा ती उठून बसली होती. आयाने पाठीशी उशा लावल्या होत्या. मी टोपी काढते आहे तोच म्हणाली, "ताई, एक विचारू? आई गेली तेव्हा माझ्याबद्दल काही बोलली का ग?"

मी म्हटलं, सूप आणते, गार होईल.

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. आई याच खोलीत अंथरुणाला खिळली होती. शाळेत वर्गांचे फोटो काढायला आलेला तो माणूस, घरी बायको असलेला, त्याच्याबरोबर धाकटी निघून गेली. आईचं सगळं मी केलं. अंग पुसणं, भरवणं, पाठीच्या जखमा. माझं ठरत आलेलं लग्न मी मोडलं. आणि आई मला कधी माझ्या नावाने हाक मारेना! धाकटी समजूनच बोलायची. रोज रात्रीच्या जेवणाला एक ताट जास्तीचं वाढायला लावायची आणि झाकून ठेवायला सांगायची. "ती उशिरा येते ना," म्हणायची. सकाळी ते मी घासायचे. गेली त्या दिवशी शुद्धीवर होती. माझा हात धरून स्पष्ट म्हणाली, "तिला सांग, मी रागावलेली नाही. म्हणावं, तुझं ताट झाकून ठेवलंय, कधीही ये."

मला काहीच म्हणाली नाही.

हे धाकटीला सांगायचं नाही असं मी त्याच दिवशी ठरवलं. रागाने नव्हे. ज्याने टाकलं त्याला आयतं कशाला? आधी पश्चात्ताप, मग क्षमा, असा क्रम आहे. आई त्या वेळी तापात होती, तिला क्रम कुठला आठवायला?

सोमवार, ८ सप्टेंबर

आज धाकटीने आईची वचनपेटी मागितली. पुठ्ठ्याची, झिजलेली. आत वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या, हरवता हरवता उरलेल्या सात-आठ सुरळ्या आणि पितळी चिमटा. आम्ही रोज सकाळी एकेक काढायचो. तिने चिमटा घातला. निघालं ते असं की पूर्व पश्चिमेपासून जितकी लांब, तितके देवाने आपले अपराध आपल्यापासून लांब टाकलेत.

"बघ!" म्हणाली. "पहिल्याच झटक्याला!"

मला ते खटकलं. दिवसभर खटकत राहिलं. त्या पेटीत वाईट असं काही निघूच शकत नाही. सगळी दया, सगळं सांत्वन. ज्याने जगभर पाणी आणून माणसं बुडवली, ज्याने दोन शहरांवर आग ओतली आणि मागे वळून पाहिलं म्हणून एका बाईचा मिठाचा खांब केला, त्याचा एक शब्द त्या पेटीत नाही. हा अर्धा देव झाला. मरणाच्या दारातल्या माणसाला अर्धा देव दाखवणं ही फसवणूकच नाही का?

संध्याकाळी शाळेचा जुना पुठ्ठा काढला, त्याच मापाचे तुकडे कापले, दौतीत टाक बुडवला. शास्त्रातून क्रोधाची वचनं निवडून घेतली, जितकी दयेची तितकीच. माझं अक्षर अजून वळणदार येतं. किती दिवसांनी मन इतकं रमलं! सुरळ्या केल्या, जुन्यांत मिसळल्या, पेटी हलवली. आता देव पुरा झाला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तिला सगळं सांगून टाकलं, लपवाछपवी नको. ती म्हणाली, "म्हणजे लॉटरी झाली की ग."

"लॉटरी नव्हे. तो जे म्हणेल ते ऐकायचं."

"बरं. पण एक अट. चांगलं निघालं तर मी ठेवून घेणार. उशीखाली."

"आणि दुसरं?"

"दुसरं तुझं तू परत टाक. ते उशीखाली घेऊन कोण झोपेल?"

मी कबूल झाले. आजाऱ्याचा एवढा हट्ट पुरवायला काय जातं? आज निघालं ते दयेचं. तिने ते माझ्यासमोर उशीखाली सरकवलं, शाळेत चोरून आणलेली गोळी लपवावी तसं.

"तू नाही काढत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पेटी ज्याच्या हातात असते त्याने काढायचं नसतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दयेचं. उशीखाली.

दुपारी तिने आयाला फोटोच्या दुकानातल्या गमती सांगितल्या. ती तिथे रीटचिंग करायची, बारीक कुंचल्याने फोटोच्या निगेटिव्हच्या काचेवरचे डाग झाकायची. "आयुष्यभर लोकांचे तीळ, मुरुमं, देवीचे वण पुसले," म्हणाली. "एका बाईंचा तर नवराच पुसला. त्या म्हणाल्या, हा नको, बाकी राहू दे." आया पोट धरधरून हसत होती. आईच्या खोलीत असं हसू बरं दिसत नाही. मी खिडकी बंद केली. रस्त्याकडची आहे, गोंगाट येतो. धाकटीला तिथून सायकलवाले, शाळेची मुलं बघायला आवडतं म्हणे, पण विश्रांती महत्त्वाची. पडदाही ओढला.

बुधवार, १७ सप्टेंबर

सुरुवातीला एकाआड एक निघायची. आता तसं राहिलं नाही. काल, परवा आणि आज, ओळीने क्रोधाची. आज निघालं, तुम्ही हात पसराल तेव्हा मी डोळे झाकून घेईन. मी नीट, सावकाश वाचून दाखवलं, मग सुरळी करून परत पेटीत टाकलं.

आया दारातच होती. "सकाळी सकाळी हे वाचतात होय, बाई? अहो, माणूस वैऱ्यालाही आधी चहा देतो."

मी म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही.

"नाही कळत," ती म्हणाली. "पण तोंडं कळतात."

धाकटी पांघरुणाच्या कडेशी चाळा करत होती. तिला भीती वाटत असावी. वाटायलाच हवी. मला तर देव इतका जवळ कधी वाटलाच नव्हता. पेटी हातात घेतली की बोटांना मुंग्या येतात. तो बोलतो आहे, आणि क्रमाने बोलतो आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

दुपारी पाळक आले. तरुण आहेत, बुटांची नाडी सुटलेली असते. धाकटीजवळ स्टूल ओढून बसले. तिनेच विचारलं, "पाळकसाहेब, देव रागावतो जास्त की माफ करतो जास्त?"

त्यांनी त्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. एका दुष्ट शहराचा नाश होणार हे सांगायला देवाने त्याला पाठवलं. शहर रडलं, पश्चात्तापाचं गोणपाट नेसलं, आणि देवाने नाश करायचं सोडून दिलं. "आणि मग तो संदेष्टा चिडला," पाळक म्हणाले. "शहराबाहेर जाऊन फुगून बसला. म्हणाला, मला माहीतच होतं तू असा दयाळू आहेस! आता मला मरण दे. शास्त्रात देवाच्या क्रोधाने चिडलेले पुष्कळ भेटतात. पण देवाच्या दयेने चिडलेला हा एक मोठा मासला आहे."

"मासला! माशाच्या पोटातला मासला!" धाकटी हसली, आणि मग खोकत बसली.

पाळक जाताना मला दारात म्हणाले, "ताई, त्या गोष्टीचा जरा विचार करा."

केला. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. धाकटीने अजून गोणपाट कुठे नेसलं आहे? शहर आधी रडलं, तेव्हा कुठे सुटलं. ही तर अजून हसते.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वेदना वाढल्या. सकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. औषधाने झापड येते आणि मग ती भलतंच बोलते. गोळीची वेळ झाली होती, पण शुद्धीत असताना प्रार्थना व्हावी म्हणून मी गोळी जरा उशिरा दिली. प्रार्थना लांबली. तिने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली.

प्रार्थना संपल्यावर म्हणाली, "ताई, आई काही बोलली का ते तू अजून सांगितलं नाहीस."

"तू झोप."

"तू माझ्यावर रागावली आहेस का?"

"रागावणारी मी कोण? राग त्याचा, दया त्याची. त्याच्याकडे माग."

"त्याच्याकडे मागते ग. तो जवळच असतो. तू लांब बसतेस." मी खरंच दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. खाटेशेजारी औषधांचा वास येतो.

बाहेर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. मनात आलं, सांगून टाकावं आईचं ते वाक्य. जीव तुटत होता. पण मी कोण ठरवणार? मग वाट सुचली. उद्यापासून तिने काढलेलं वचन दयेचं निघालं, की त्याच क्षणी सांगायचं. क्रोधाचं निघालं तर अजून वेळ आली नाही असं समजायचं. निर्णय माझ्या हातातून गेला आणि केवढं हलकं वाटलं!

शुक्रवार, २६ सप्टेंबर

क्रोधाचं.

शनिवार, २७ सप्टेंबर

क्रोधाचं. मला रडू आलं, खरोखर. मी वाट बघत होते. चिमटा तिच्या हातून दोनदा निसटला, शेवटी मीच तिचं बोट धरून आत घातलं.

रविवार, २८ सप्टेंबर

पुन्हा तेच. जिवंत देवाच्या हातात सापडणं किती भयंकर आहे, हे निघालं. उपासनेला गेले नाही. मंडळीतल्या दोघी सूप घेऊन आल्या, मला मिठी मारून म्हणाल्या, तुझ्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी पेटी पुढे केली. तिने चिमटा घेतलाच नाही. "राहू दे, ताई. त्यात आता काही नाही."

"काही नाही कसं? भरलेली आहे."

"तुझं सगळं आहे. माझं सगळं मी घेतलं." आणि तिने आयाला खूण केली. आयाने उशी उचलली. आईच्या हातच्या त्या जुन्या पिवळ्या सुरळ्या, एकूण एक, तिथे होत्या. चुरगळलेल्या, काहींवर दुधाचे डाग.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. चांगली निघाली की ती उशीखाली जात होती, आणि माझी रोज परत पेटीत पडत होती. गेले कित्येक दिवस पेटीत दुसरं काही नव्हतंच.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मग? माझं गणित कच्चं होतं, पण इतकं नाही. मला वाटलं, तुलाही माहीत आहे. तू रोज इतकं जपून वाचायचीस."

"मग रोज काढत का होतीस?"

"तू यायचीस ना. एरवी तू खाटेजवळ कुठे येतेस?" मग तिने त्या सुरळ्या ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरल्या. "हे घे. परत टाक. आणि आज तू काढ, एकदा तरी."

मी घेतल्या नाहीत. खोलीबाहेर आले.

शुक्रवारपासून मी जिची वाट बघत होते ती चिठ्ठी पेटीत नव्हतीच. पण याचा अर्थ काय घ्यायचा? पेटीत काय आहे ते मला माहीत नव्हतं, देवाला तर होतं. त्याला बोलायचंच असतं तर त्याने वाट काढली असती. त्याने दगडातून पाणी काढलं आहे. नाही काढली, म्हणजे नाही म्हणायचं होतं. मी केलेला नवस मी मोडणार नाही. आणि तिने घेतलं ते काही थोडंथोडकं आहे का? सगळी दया एकटीने उशाला घेऊन झोपली. लहानपणापासून तेच.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सकाळी आया पाणी तापवायला गेली होती. धाकटीने खुणेने जवळ बोलावलं. आता आवाज फार खोल गेला आहे, वाकावं लागतं.

"ताई, ताट झाकून ठेवलंय, असं म्हणाली ना आई?"

मी ताडकन सरळ झाले.

"कोणी सांगितलं?"

"आईची ती मैत्रीण. पलीकडच्या घरातली. त्या दिवशी तुझ्यामागे दारातच उभी होती म्हणे. महिन्याच्या आत आमच्या दुकानात आली, फोटो काढायचं निमित्त करून. सगळं सांगून गेली. मी तिचा फोटो काढला, तो हलला. दोघीही रडत होतो."

"म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं."

"हो."

"मग इथे येऊन पुन्हा पुन्हा मला का विचारत होतीस? परीक्षा घ्यायला?"

तिने मान हलवली. किती वेळ श्वास गोळा करत होती. "आईचं मला पोचलं होतं ग. मी तुझ्यासाठी आले. तू ते वाक्य तोंडात धरून बसली आहेस. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. म्हटलं, मी समोर असेन तर बाहेर पडेल. एकदा म्हण ना, ताई. मला माहीत आहे तरी म्हण."

मी म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण मला इतका राग आला, इतका राग, की कानांत आवाज येऊ लागला. मी राखण करत बसले होते ते घर आधीच लुटून नेलेलं होतं! आईने तिला माफ केलं, त्या शेजारणीने केलं, देवानेही केव्हाच करून टाकलं असणार, आणि यातलं कोणी मला विचारलं नाही. अंग पुसायला मी. ताट घासायला मी.

मी तिला म्हटलं, "दया करायला आलीस होय माझ्यावर? तू? माझ्यावर?"

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हसली नाही. मला वाटतं, इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच घाबरली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

काल मी तिच्या खोलीत गेले नाही. आजही नाही. आया होतीच. चर्चमधल्या प्रभूच्या मेजावरच्या कापडाला क्रोशाची किनार लावायची राहिली होती, ती घेऊन शिवणाच्या खोलीत बसले. मधे एक भिंत आहे. दार लावून घेतलं.

सकाळी तिने हाक मारली. "ताई." मी ओ दिली नाही. तिला जरा कळू दे, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. आवाज कसला, नुसता श्वासच, पण मला तो ओळखू येतो. लहानपणी अंधाराला घाबरली की अशीच हाक मारायची, आणि मी पांघरुणातून हात बाहेर काढून तिच्याकडे द्यायचे. तिचा हात किती लहान होता तेव्हा!

आयाने दार ठोठावलं. "बाई, चला. श्वास वेगळा लागलाय. तुम्हालाच हाका मारतायत."

मी म्हटलं, एवढा कोपरा संपवून येते. कोपरा अर्धवट सोडला तर जाळी उसवते, हे शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारावं.

कोपरा संपवून गेले तेव्हा आया तिचे डोळे मिटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकू येत होतं ना तुम्हाला?"

अशा वेळी मोलकरणीशी वाद घालणं शोभत नाही.

अंग मीच पुसलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कापलेले केस कपाळावर चिकटले होते, ते पाण्याने नीट बसवले. माझी धाकटी. किती गोड दिसत होती.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज मूठमाती दिली.

काल पाळक ठरवाठरवी करायला आले होते. दफनाला कोणतं वचन वाचायचं, विचारलं. मी म्हटलं, मंडळीत सगळ्यांना तिचं आयुष्य माहीत आहे, गोडगोड काही वाचलं तर लोक काय म्हणतील? शास्त्र उघडून मी त्यांना जागा दाखवली. मी हाका मारल्या आणि तुम्ही ऐकलं नाही, म्हणून आता तुम्ही हाका माराल आणि मी ऐकणार नाही, अशा अर्थाची.

त्यांनी बोट ठेवून ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याआधी ते आयाशी फाटकात बोलत उभे होते.

"हे मूठमातीच्या वेळी वाचत नाहीत, ताई," ते म्हणाले.

"का? शास्त्रातलंच आहे ना?"

"आहे. पण जी खाली गेली तिला ते ऐकू येत नाही. जे वर उभे असतात तेच ऐकतात."

"मग ऐकू दे," मी म्हटलं. "सगळ्यांनीच ऐकावं."

आज त्यांनी ते वाचलं. आवाज चांगला आहे त्यांचा. वाचताना त्यांचे डोळे पुस्तकावर नव्हते. मंडळीने माना खाली घातल्या होत्या, प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे बघत होता. आया तेवढी मान वर करून, खड्ड्याच्या पलीकडून, सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. वचन चार ओळींचं आहे, मीच निवडलेलं. उभ्याउभ्या मला पहिल्यांदाच वाटलं की ते फार लांब आहे.